'रिकोशे' नेमके कुठे वाजले? टँजरीन ड्रीमच्या १९७५च्या ध्वनिमुद्रणांविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : टँजरीन ड्रीम या इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवणाऱ्या पश्चिम बर्लिनच्या त्रिकुटाचा 'रिकोशे' हा लाइव्ह अल्बम म्हणून ओळखला जातो, मग त्याच दौऱ्यातल्या क्रॉयडनच्या कार्यक्रमाचे संपूर्ण ध्वनिमुद्रण ऐकताना तो सलग कुठेच का सापडत नाही? या काळातली आणखी कोणती ध्वनिमुद्रणे ऐकण्यासारखी आहेत? आणि 'यॉर्क मिन्स्टर, १९७५' असे नाव दिलेली, संशय यावा इतकी स्वच्छ असलेली एक फाइल हाती आली आहे, ती खरी आहे की नाही हे कसे ठरवायचे? जुन्या टेप संगणकावर उतरवणे आणि त्यांची डागडुजी करणे हे माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे मी तिन्ही प्रश्नांची उत्तरे टेपच्या बाजूने देणार आहे. संगीताच्या सौंदर्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. 'रिकोशे' हे कोणत्याही एका संध्याकाळचे ध्वनिमुद्रण नाही. डिसेंबर १९७५मध्ये व्हर्जिन कंपनीने तो प्रसिद्ध केला. सुमारे १७ मिनिटांचा पहिला भाग एका बाजूला आणि सुमारे २१ मिनिटांचा दुसरा भाग दुसऱ्या बाजूला, अशी त्याची मांडणी आहे. त्या वर्षीच्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमधल्या फ्रान्स व ब्रिटनच्या दौऱ्याशी त्याचे नाते सांगितले जाते आणि ते खोटेही नाही. परंतु प्रत्यक्षात दौऱ्यातल्या टेपांचे निवडक तुकडे आणि स्टुडिओत वाजवलेला मजकूर असे दोन्ही एकत्र मिसळून हे दोन भाग उभे केले आहेत. क्रॉयडनच्या फेअरफील्ड हॉल्समध्ये २३ ऑक्टोबर १९७५ रोजी झालेल्या कार्यक्रमातला एक भाग अल्बमच्या दुसऱ्या बाजूत ओळखू येतो, पण म्हणून उरलेला अल्बमही त्या कार्यक्रमात दडलेला असेल असे समजून शोधत बसण्यात अर्थ नाही.

असे का झाले असावे, हे त्यांच्या वाजवण्याच्या पद्धतीत आहे. एडगर फ्रोझे, क्रिस्टोफर फ्रांके आणि पीटर बाउमान हे तिघे त्या वर्षी ठरलेल्या गाण्यांची यादी घेऊन मंचावर जात नसत. कार्यक्रमाचे दोन मोठे सलग खंड आणि शेवटी श्रोत्यांच्या आग्रहाखातर एखादा छोटा तुकडा, एवढाच ढोबळ आराखडा असे. आतला मजकूर त्या त्या रात्री घडे. काही लयबद्ध आकृती आणि काही सुरावटी दौऱ्यात पुन्हा पुन्हा येत, पण त्यांचा क्रम, लांबी आणि त्यांच्याकडे जाणारी वाट दर वेळी वेगळी असे.

यात यंत्रांचाही मोठा वाटा होता. फ्रांकेच्या मूग मॉड्युलर सिंथेसायझरमधल्या सिक्वेन्सरच्या (लावून ठेवलेले स्वर आपोआप पुन्हा पुन्हा वाजवणारा भाग) एका ओळीत फक्त आठ पायऱ्या असत आणि प्रत्येक पायरीचा स्वर एकेका बटणाने हाताने लावावा लागे. एकदा लावलेली आकृती जपून ठेवण्याची सोय नव्हती. दुसरी आकृती हवी असेल तर बटणे पुन्हा फिरवायची. त्यातच या ऑसिलेटरांचा, म्हणजे स्वर निर्माण करणाऱ्या भागांचा, सूर तापमानाबरोबर सरकत असे. मंचावरच्या दिव्यांची ऊब आणि सभागृहातली गर्दी एवढ्या कारणानेही तो सरकतो. 'फेड्रा' या १९७४च्या अल्बमच्या शीर्षक-रचनेत सिक्वेन्सरचा सूर हळूहळू ढळताना ऐकू येतो, आणि तो तसाच ठेवला गेला, हे या संगीताच्या जाणकारांना ठाऊक आहेच. कार्यक्रमात मेलोट्रॉनवर (आधीच मुद्रित केलेल्या स्वरांच्या टेप वाजवणारे कळफलकाचे वाद्य) स्वरांचे लांब, बिनलयीचे पट्टे चालू असतात, तेव्हा पुष्कळदा मागे पुढच्या आकृतीची जुळवाजुळव चाललेली असते. श्रोत्याला ते आलापासारखे वाटते, पण वादकांसाठी तो कामाचा वेळ असे.

आता एलपीच्या एका बाजूला वीसेक मिनिटेच नीट मावतात. पाऊण तासाच्या खंडातून, जुळवाजुळवीच्या वेळेसकट, सलग वीस मिनिटे उचलली असती तर अल्बम विस्कळीत झाला असता. ७८ गतीच्या तबकडीसाठी गवयांनी तीन-सव्वातीन मिनिटांत राग बांधला, तेव्हा ती तबकडी मैफलीची छोटी प्रत झाली नाही. तो एक वेगळाच घाट तयार झाला. 'रिकोशे'कडे मी त्याच नजरेने पाहतो. संकलन हीच तिथे रचना आहे, आणि ज्यांना फसवणूक झाल्यासारखे वाटते त्यांचा राग मला समजतो, पण पटत नाही.

हे केवळ ऐकीव माहितीवर मान्य करण्याची गरज नाही. दुसऱ्या बाजूची सुरुवात लक्ष देऊन ऐकावी. एकटा पियानो, मग त्याच्याशेजारी मेलोट्रॉनवरची बासरी, आणि मग सिक्वेन्सरची उसळणारी आकृती. पियानोच्या प्रत्येक स्वराची शेपटी कशी विरते ते पाहावे. मोठ्या सभागृहात ध्वनिक्षेपकावरून येऊन परत मायक्रोफोनात शिरलेल्या पियानोची शेपटी अशी निवांत आणि स्वच्छ नसते. तिच्यात खोलीचा, खोकल्याचा, खुर्च्यांचा काही ना काही अंश मिसळलेला असतो. पुढे सिक्वेन्सरचे स्वर एकामागोमाग इतक्या जवळून येतात की अनेक सेकंदांचा घुमारा असलेल्या वास्तूत ते एकमेकांत कालवले गेले असते. अल्बममध्ये मात्र प्रत्येक स्वराची कड धारदार आहे. म्हणजे तिथे आपण खोली ऐकत नाही. यंत्रांमधून थेट तारेने आलेला आवाज ऐकतो, मग ती तार मंचावरची असो वा स्टुडिओतली. दुसरा पुरावा २०१९चा आहे. 'इन सर्च ऑफ हेडीस' या सोळा सीडी आणि दोन ब्ल्यू-रे असलेल्या संचासाठी स्टीव्हन विल्सन यांनी 'रिकोशे'चे नव्याने स्टिरिओ आणि सराउंड मिश्रण केले. असे मिश्रण करायचे तर वाद्ये निरनिराळ्या ट्रॅकवर उपलब्ध असावी लागतात. प्रेक्षागृहात ठेवलेल्या दोन मायक्रोफोनांमधून ते निघत नाही.

इथेच कॉव्हेन्ट्रीच्या चित्रफितीविषयी सांगितले पाहिजे, कारण अनेक जण तिलाच 'रिकोशे'चा पुरावा मानतात. ४ ऑक्टोबर १९७५ रोजी कॉव्हेन्ट्रीच्या कॅथीड्रलमध्ये झालेला कार्यक्रम टोनी पामर यांनी चित्रित केला. पुढे तो डीव्हीडीवर आला तेव्हा मूळ आवाज हाताशी नव्हता, म्हणून चित्रावर 'रिकोशे'चाच आवाज चढवण्यात आला. त्यामुळे पडद्यावर फ्रांके बटण फिरवतो आणि आवाजात त्या क्षणी काहीच बदलत नाही, किंवा हात स्थिर आहेत आणि स्वर मात्र धावतात, असे प्रसंग दिसतात. वादकांची मांडणी, यंत्रांचे ते भिंतीएवढे कपाट, तिघांचे एकमेकांकडे न पाहता वाजवणे, यांसाठी ती फीत जरूर पाहावी. कॉव्हेन्ट्रीत त्या रात्री काय वाजले याविषयी मात्र ती एक अक्षरही सांगत नाही.

दुसरा प्रश्न, काय ऐकावे. वर उल्लेखलेल्या संचातच लंडनचे तीन संपूर्ण कार्यक्रम आहेत : व्हिक्टोरिया पॅलेस थिएटर, १६ जून १९७४, रेनबो थिएटर, २७ ऑक्टोबर १९७४, आणि रॉयल अल्बर्ट हॉल, २ एप्रिल १९७५. माझ्या मते आधी रेनबो ऐकावा, मग अल्बर्ट हॉल. रेनबोमध्ये 'फेड्रा'च्या जगातून बाहेर पडण्याची धडपड ऐकू येते. सिक्वेन्सर अजून पाहुण्यासारखा येतो आणि जातो. अल्बर्ट हॉलपर्यंत तो यजमान झालेला आहे. त्या कार्यक्रमात बाउमान नव्हता, त्याच्या जागी मिखाएल होनिग होता. त्याआधीच्या ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यातही तोच होता. होनिग आणि फ्रांके दोघेही पूर्वी 'अजिटेशन फ्री' या बर्लिनच्याच गटात होते, त्यामुळे परकेपणा जाणवत नाही, पण पोत बदललेला कळतो. शरद ऋतूतल्या दौऱ्यात बाउमान परतला आणि 'रिकोशे'त आपण ऐकतो ते हे तिघे.

त्यानंतर क्रॉयडन. चाहत्यांनी श्रोत्यांत बसून केलेली ध्वनिमुद्रणे पुढे २००३ आणि २००४ साली दोन 'बूटलेग' संचांच्या रूपाने अधिकृतपणे विकण्यात आली; क्रॉयडनचा कार्यक्रम त्या वाटेने बहुतेकांपर्यंत पोचला. तो 'रिकोशे'शी ताडून ऐकण्याची योग्य रीत अशी की अल्बम प्रथम बाजूला ठेवून कार्यक्रम सलग एकदा ऐकावा. ओळखीची आकृती शोधत ऐकले, तर मधली चाळीस मिनिटे केवळ वाट पाहण्यात जातात आणि त्या रात्रीचे खरे धन तिथेच आहे.

फ्रान्समधल्या रँसच्या कॅथीड्रलमधला १३ डिसेंबर १९७४चा कार्यक्रम कीर्तीने मोठा आहे. वास्तूच्या क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त, हजारो माणसे आत कोंबली गेली, स्वच्छतागृहांची सोय नव्हती, आणि जे व्हायचे ते झाले. चर्चच्या मंडळींनी त्यावर उठवलेले वादळ हे संगीताहून जास्त चर्चिले गेले. त्या संध्याकाळी जर्मन गायिका निको हीही गायली होती. ध्वनिमुद्रण म्हणून ते उपयोगाचे आहे ते वास्तूचा घुमारा समजून घेण्यासाठी. स्पष्टतेची अपेक्षा ठेवू नये. १९७७च्या अमेरिकी दौऱ्यातला 'एन्कोर' हा पुढचा लाइव्ह अल्बम, पण तिथे रचना जास्त बांधीव आहेत आणि १९७५ची अनिश्चितता ओसरलेली आहे.

एक सावधगिरी आवर्जून सांगतो. या गटाच्या बाबतीत सर्वांत फसवी प्रत चोरून काढलेली नसते; ती अधिकृत असते. फ्रोझे यांना जुन्या कामात पुन्हा हात घालण्याची सवय होती. १९९४च्या 'टँजेंट्स' या संचात जुन्या रचनांवर नव्याने भर घातलेली आहे आणि 'फेड्रा २००५' तर संपूर्ण नव्याने वाजवलेला अल्बम आहे. कलावंताचा तो अधिकार आहे. पण १९७४-७५मध्ये काय वाजले हे जाणून घ्यायचे असेल तर या प्रती दूर ठेवाव्यात.

चाहत्यांच्या टेपांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे मूळ तिथे आहे. २००२ ते २००६च्या दरम्यान 'टँजरीन ट्री' या नावाने चाहत्यांनी जगभरच्या खासगी टेप गोळा करून, शक्य तितक्या साफ करून, नफा न घेता वाटल्या, आणि फ्रोझे यांची त्याला संमती होती. आपल्याकडे खासगी मैफलींची स्पुले हातोहात फिरली, तशीच ही परंपरा. फरक असा की इथे कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून निघाली याची नोंद ठेवण्याची शिस्त होती. ही नोंद महत्त्वाची असते. कॅसेटवरून कॅसेट काढली की नव्या टेपची हिस (सतत चालणारी सळसळ) जुन्या हिसमध्ये मिळते. दोन्ही सारख्या असल्या तर पहिल्या नकलेतच ती सुमारे तीन डेसिबलने वाढते. टेप वाचणाऱ्या हेडचा कोन किंचित चुकला की वरचे स्वर बोथट होतात आणि ते नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने खरे परत येत नाहीत. डॉल्बी (हिस कमी करण्याची पद्धत) लावून मुद्रित केलेली टेप डॉल्बीविना वाजवून उतरवली की ती कृत्रिमपणे चमकते, आणि ती चमक पाहूनच कित्येक जण त्या प्रतीला 'उत्तम' म्हणतात.

परंतु मला विचाराल तर सर्वांत जास्त दुर्लक्षित गोष्ट गतीची आहे. १९७५ची ही टेप बहुधा बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या रेकॉर्डरवर भरलेली असते. कार्यक्रम पुढे सरकतो तशी बॅटरी उतरते, मोटर मंदावते, आणि टेप हळू सरकताना मुद्रण होते; घरी ती योग्य गतीने वाजवली की शेवटाकडे सगळे चढे आणि जलद ऐकू येते. एखाद्या सामान्य रॉक गटाच्या टेपमध्ये हे गिटारच्या सुरावरून पकडता येते. इथे तो आधार नाही, कारण मूगचा सूर मुळातच सरकणारा आहे आणि मेलोट्रॉन हे स्वतःच टेपवर चालणारे वाद्य आहे. सूर चढला तो यंत्राचा की टेपचा, हे कानाने ठरत नाही.

अशा वेळी विजेची गुणगुण कामाला येते. युरोपात घरगुती वीज ५० हर्ट्‌झची आहे. ध्वनिक्षेपकांतून निघणारी तिची बारीक गुणगुण शांत जागी मायक्रोफोनात शिरतेच. स्पेक्ट्रम (आवाजातल्या कंपनसंख्यांचा आलेख) पाहताना ५० हर्ट्‌झच्या रेषेवर विसंबू नये, कारण खाली गर्दीचा आणि वाऱ्याचा गोंगाट असतो. तिच्या पटीतल्या १५०, २५० किंवा ३०० हर्ट्‌झच्या रेषा पाहाव्यात, तिथे चूक त्याच प्रमाणात मोठी होऊन दिसते. ३०० हर्ट्‌झची रेषा ३०९वर सापडली तर टेप तीन टक्के जलद आहे. तीन टक्के म्हणजे अर्धा सेमिटोन, सा ते कोमल रे एवढ्या अंतराच्या निम्मे. पाऊण तासाच्या खंडात सुमारे ८० सेकंदांचा फरक. दोन प्रती शेजारी ठेवून ताडणाऱ्याला एवढा फरक पुरेसा घोळ घालतो. बॅटरी उतरत गेली असेल तर ही रेषा आडवी न राहता हळूहळू वर चढताना दिसते आणि दुरुस्तीही तशीच टप्प्याटप्प्याने करावी लागते. सबंध फाइलला एकच टक्का लावला, तर सुरुवात बरोबर असताना शेवट चुकतो.

यात एक खोच आहे. टेपची नक्कल करणारे डेक विजेवर चालते आणि आपली गुणगुण तेही सोडून जाते. युरोपातल्या कार्यक्रमाच्या फाइलमध्ये अगदी स्थिर अशी ६० हर्ट्‌झची रेषा आणि तिच्याखाली ५१च्या आसपास डगमगणारी दुसरी रेषा दिसली, तर समजावे की कधीतरी अमेरिकेत तिची नक्कल झाली आहे. स्थिर रेषा नकलेची, डगमगणारी मूळ कार्यक्रमाची; दुरुस्ती दुसरीवरून करायची. मी पाहिलेल्या चुकीच्या 'दुरुस्त' प्रतींपैकी बऱ्याच प्रती पहिल्या रेषेवरून दुरुस्त केलेल्या होत्या.

आता यॉर्कची फाइल. या त्रिकुटाने २० ऑक्टोबर १९७५ रोजी यॉर्क मिन्स्टरमध्ये वाजवले होते, त्यामुळे फाइलच्या नावातले ठिकाण आणि साल अशक्य नाही. ती कोरडी आणि धारदार आहे, एवढ्याने ती खोटीही ठरत नाही. सामान्य रॉक गटाच्या मिक्सरवरून घेतलेल्या मुद्रणात ढोल आणि गिटारचे ॲम्प्लिफायर दबलेले असतात, कारण ते सभागृहात आपल्या ताकदीवर ऐकू येतात. इथे जवळजवळ सगळेच विजेच्या तारेतून मिक्सरमध्ये जाते, म्हणून मिक्सरवरची टेप पूर्ण भरीव आणि तरी खोलीविना असू शकते. मात्र तशी टेप असेल तर टाळ्या फार दूरच्या, फक्त उघड्या राहिलेल्या मायक्रोफोनातून झिरपल्यासारख्या ऐकू यायला हव्यात. टाळ्या जवळच्या आणि दोन्ही बाजूंना पसरलेल्या, पण संगीत कोरडे, असे असेल तर कोणीतरी त्या मागाहून चिकटवल्या आहेत.

पुढची तपासणी वरच्या मर्यादेची. स्पेक्ट्रममध्ये १५ हजार हर्ट्‌झच्या वर एकदम कडा तुटलेली आणि १९ हजारांवर एक बारीक रेषा दिसत असेल, तर मूळ एफएम प्रसारण आहे. ती रेषा स्टिरिओ प्रसारणाचा पायलट, म्हणजे रेडिओला स्टिरिओची खूण देणारा स्वर, आहे. १६ हजारांच्या आसपास भिंत दिसत असेल तर मधे कुठेतरी ती एमपीथ्री होऊन आली आहे, मग आत्ताचे रूप कितीही मोठ्या फाइलचे असो.

शेवटची आणि निर्णायक तपासणी म्हणजे ओव्हरलॅप. फाइलमधला सिक्वेन्सरचा एखादा ठसठशीत भाग घ्यावा, गती दुरुस्त करावी, आणि तो डाव्या कानात व 'रिकोशे'चा किंवा क्रॉयडनचा तसाच भाग उजव्या कानात लावून सुरुवातीचा एक ठोका जुळवावा. दोन वेगळ्या संध्याकाळी हाताने लावलेल्या आठ पायऱ्या आणि हाताने धरलेली लय काही ठोक्यांतच एकमेकांपासून सुटतात. फिल्टर (वरचे स्वर दाबणारा वा मोकळे करणारा भाग) उघडण्याच्या जागा तर हमखास निराळ्या येतात. दोन-तीन मिनिटांनंतरही दोन्ही कान एकत्र चालत असतील, फिल्टर एकाच क्षणी उघडत असेल आणि वरच्या मेलोट्रॉनची उडीही एकाच ठोक्यावर येत असेल, तर तुमच्याकडे यॉर्क नाही. आधी प्रसिद्ध झालेल्या मुद्रणाला नवे नाव दिलेले आहे. ते सुटले, तर फाइलच्या नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवून, मूळ उतरवलेली प्रत हात न लावता वेगळी जपावी, गतीची दुरुस्ती नकलेवरच करावी आणि किती टक्के, कोणत्या रेषेवरून केली हे सोबतच्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवावे.